एक गाव, पाच पदव्या

सोलापूरच्या माणसाला "तुमची युनिव्हर्सिटी कोणती?" असं विचारलं, की तो आधी पास झाल्याचं साल सांगतो. कारण उत्तर सालावर अवलंबून आहे. गाव तेच, बऱ्याचदा कॉलेजही तेच, फक्त पदवीवरचा शिक्का बदलत गेला. मुंबई, पुणे, शिवाजी, सोलापूर, आणि आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर. सव्वाआठ-साडेआठ दशकांत पाच नावं!

आमच्या एकाच घरात ही पाचही नावं आहेत. घरातले जुने कागद स्कॅन करायचं काम माझ्याकडे आलं ("तू कॉम्प्युटरवाला ना, मग कर की") तेव्हा ते कळलं. आजोबांच्या थोरल्या भावाची बी.ए.ची पदवी मुंबई विद्यापीठाची. आजोबांची पुणे विद्यापीठाची. बाबांची बी.कॉम. शिवाजी विद्यापीठाची. माझी सुरुवातीची गुणपत्रकं सोलापूर विद्यापीठाची आणि पदवी नव्या नावाची. शिकलो सगळे सोलापुरातच. सालाप्रमाणे कागद लावत गेलो आणि प्रत्येक कागद किती लांबून आला ते डोळ्यांपुढे यायला लागलं. सोलापूर ते मुंबई साडेचारशे किलोमीटर. सोलापूर ते पुणे अडीचशे. कोल्हापूर साधारण तेवढंच. आणि माझा कागद? केगावहून. म्हणजे पुणे रस्त्याला, गाव संपता संपता.

या कागदांच्या मागे एक इतिहास आहे, आणि तो विद्यापीठांच्या स्मरणिकांमध्ये सहसा सापडत नाही. म्हणून हा लेख.

कॉलेजच नव्हतं तेव्हा

सोलापूर हे काही आडगाव नव्हतं. जुनी गिरणी, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, १८७० च्या दशकातली. मग विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी अशा एकेक गिरण्या आल्या. गाव भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. रेल्वे होती, व्यापार होता, मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा रस्त्यावर होत्या. १९३० साली मे महिन्यात इथल्या लोकांनी इंग्रजांचा अंमल काही दिवस उठवून लावला आणि त्याबद्दल मार्शल लॉ भोगला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा हे चौघे फासावर गेले.

एवढं सगळं असलेल्या गावात कॉलेज मात्र नव्हतं. पुण्यात फर्ग्युसन १८८५ पासून, कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० पासून, सांगलीत विलिंग्डन १९१९ पासून. सोलापूर मॅट्रिकवर थांबायचं. मला वाटतं, गिरणीला कामगार हवे होते आणि कचेरीत चार मॅट्रिक झालेले कारकून. गावाच्या पैशाला त्यापुढचं शिक्षण लागतच नव्हतं.

मग ज्याला शिकायचं तो गाव सोडायचा. वालचंद हिराचंद १८९९ साली इथल्या सरकारी हायस्कुलातून मॅट्रिक झाले आणि मुंबईला सेंट झेवियर्समध्ये गेले. ते व्यापारी घरातले होते, त्यांना जमलं. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले. डॉक्टर व्हायला त्यांना मुंबईचं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज गाठावं लागलं. तिथून ते १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक पाहताना आपण चीनपर्यंतच्या प्रवासाचा विचार करतो. पण आधीचा एक प्रवास सोलापूर ते मुंबई असाही होता, आणि मुंबईत राहायचा-जेवायचा खर्च ज्याच्या घराला झेपत नव्हता त्याचा प्रवास सुरूच होत नव्हता. अशी किती मुलं होती याची नोंद कुठल्या विद्यापीठाकडे असणार? जी आलीच नाहीत त्यांचं रजिस्टर नसतं.

लाहोरहून आलेलं कॉलेज

सोलापूरला पहिलं मोठं कॉलेज मिळालं १९४० साली. दयानंद कॉलेज. आणि ते आणलं कुणी? लाहोरच्या लोकांनी! डीएव्ही म्हणजे दयानंद अँग्लो वैदिक ही संस्था मूळची पंजाबातली, मुख्यालय लाहोरला. तिला इतक्या लांब दक्षिणेत सोलापूर कुठून सापडलं?

नकाशा बघा. तेव्हा सोलापूर ब्रिटिश मुलखाच्या काठावर होतं. तुळजापूरला देवीला जायचं म्हणजे निजामाच्या राज्यात जायचं. निजामाच्या राज्यात आर्य समाजावर निर्बंध होते आणि त्याविरुद्ध लढा उभा राहत होता. डिसेंबर १९३८ मध्ये सोलापुरात लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली आर्य परिषद भरली आणि तिथून हैदराबाद सत्याग्रहाची हाक गेली. पंजाब, संयुक्त प्रांत कुठून कुठून सत्याग्रही सोलापूरला उतरायचे आणि सरहद्द ओलांडून तुरुंगात जायचे. ऑगस्ट १९३९ मध्ये सत्याग्रह थांबला आणि पुढच्याच वर्षी कॉलेज उभं राहिलं. गावकऱ्यांनीही हात सैल सोडला. कॉलेजच्या नावाआधी जी डीबीएफ अक्षरं आहेत, ती दमाणी घराण्यातल्या नावाची.

हे कॉलेज जोडलं गेलं मुंबई विद्यापीठाला. त्या काळचं मुंबई विद्यापीठ म्हणजे काय पसारा होता! कराचीतलं कॉलेज, अहमदाबादचं कॉलेज, धारवाडचं कॉलेज आणि सोलापूरचं कॉलेज, सगळ्यांची परीक्षा एकच विद्यापीठ घ्यायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर एक अवाढव्य मोनोलिथ. पुढे सिंध, पुणे, गुजरात, कर्नाटक अशी विद्यापीठं सुटी होत गेली, ती सगळी १९४७ ते १९४९ च्या दरम्यान.

दयानंद कॉलेजचा फायदा फक्त सोलापूरला झाला नाही. सरहद्दीपलीकडच्या मराठी मुलांपुढे मोठा पेच होता. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं, पण शिकवायची भाषा उर्दू. घरात मराठी, गावात मराठी आणि पदवी उर्दूतून. त्यांना सोलापूर जवळचं होतं. आमचे थोरले आजोबा सांगायचे की वर्गात तुळजापूर-नळदुर्गाकडची मुलं असायची आणि सुट्टीला ती 'गावी जातो' असं न म्हणता 'स्टेटात जातो' म्हणायची. सप्टेंबर १९४८ मध्ये जनरल चौधरींच्या फौजा सोलापूरहूनच नळदुर्गाच्या वाटेनं हैदराबादकडे गेल्या. त्या रस्त्यावर घर असलेली मुलं त्या आठवड्यात काय अवस्थेत असतील, कल्पना करा.

आणि शिक्षक? लाहोरच्या डीएव्हीत इतिहास शिकवलेले श्रीराम शर्मा पुढे सोलापूरच्या कॉलेजचे प्राचार्य झाले. मुघल बादशहांच्या धार्मिक धोरणावरचं त्यांचं १९४० चं पुस्तक आजही संदर्भ म्हणून वापरलं जातं. १९४७ च्या फाळणीत लाहोर गेलं, संस्थेचं मुख्यालय दिल्लीला हलवावं लागलं, आणि सोलापूरची शाखा आपल्या जागी राहिली. मूळ झाड उपटलं गेलं आणि लांबवर लावलेली फांदी जगली, असं काहीसं झालं.

पुण्याचा शिक्का

१९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झालं, बॅरिस्टर जयकर पहिले कुलगुरू. सोलापूर मुंबईकडून पुण्याकडे गेलं. चार वर्षांनी, १९५३ मध्ये, संगमेश्वर कॉलेज सुरू झालं. निर्मलकुमार फडकुले याच कॉलेजात मराठी शिकवायचे. संतसाहित्यावर बोलायला लागले की सभागृह भरायचं. आज गावात त्यांच्या नावाचंच सभागृह आहे.

आजोबा याच काळातले. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर एका आडत दुकानात हिशेब. त्यांच्या बोलण्यात एक वाक्य नेहमी यायचं: "कॉलेज गावात होतं म्हणून दुकान सुटलं नाही, अन् दुकान सुटलं नाही म्हणून कॉलेज झालं." ते पुण्याला जाऊन शिकले असते का? शक्यच नव्हतं. घरची चूल त्या दुकानावर होती.

याच गोष्टीचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण सुशीलकुमार शिंदे. सोलापूरच्या कोर्टात साधी नोकरी, रात्रशाळेत शिक्षण आणि मग दयानंद कॉलेजातून पदवी. नंतर कायदा, पोलीस खातं, राजकारण, मुख्यमंत्रिपद, केंद्रीय गृहमंत्रिपद वगैरे. त्यांच्या राजकारणाबद्दल ज्याचं त्याचं मत असो. कोर्टातली नोकरी न सोडता चालत जाता येईल इतक्या अंतरावर कॉलेज असणं म्हणजे काय, ते इथे दिसतं. वालचंदांना ते नसलं तरी चाललं, शिंद्यांना चाललं नसतं.

कोल्हापूरची रात्रीची गाडी

१८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं. इतिहासकार डॉ. अप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याबरोबर सोलापूरही तिकडे गेलं आणि पुढची चाळीसेक वर्षं तिकडेच राहिलं. सोलापुरात कॉलेजांची खरी भर याच काळात पडली. १९६२ मध्ये वालचंद कॉलेज, १९६३ मध्ये वैशंपायन स्मारक मेडिकल कॉलेज (कोटणीस जाऊन २१ वर्षांनी त्यांच्या गावात डॉक्टर तयार व्हायला लागले), आणि वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट करून दिल्यावर १९८३ मध्ये वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी.

आता एक गंमत. मुंबई कोल्हापूरपेक्षा जवळपास दुप्पट लांब. पण मुंबईला सरळ गाडी होती. कोल्हापूरला रेल्वेनं जायचं तर कुर्डुवाडीला उतरा, बार्शी लाइटची ती छोटी नॅरोगेज पकडा, पंढरपूरवरून मिरज गाठा, तिथे पुन्हा गाडी बदला. म्हणून सगळे एसटीनं जायचे, मंगळवेढा, सांगोला, मिरज करत. नेटवर्कवाल्यांना हे लगेच कळेल: अंतर कमी, पण लेटन्सी जास्त!

बाबांना १९८६ साली बँकेच्या नोकरीसाठी एक दाखला तातडीनं हवा होता. रात्रीची एसटी, सकाळी कोल्हापूर, स्टँडवरच तोंड धुणं, दुपारी कागद हातात, पुन्हा रात्रीची एसटी. दोन रात्री आणि एक दिवस. काम पटकन झालं, लोकांनी मदतही केली, तरीही दोन रात्री. त्यांच्याबरोबर अक्कलकोटकडचा एक मुलगा होता, त्याची आदली रात्र घरून सोलापूर गाठण्यातच गेली होती. हा मुलगा परतीच्या प्रवासात बाबांना म्हणाला होता, "बे, डिग्रीपेक्षा तिकिटालाच जास्त अभ्यास लागला की!" तिकिटाचे पैसे त्यानं उसने आणले होते.

शेजारचे एक काका कॉलेजात क्लार्क होते. परीक्षेचे फॉर्म, गुणांची पाकिटं घेऊन कोल्हापूरला जायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. मांडीवर गठ्ठा ठेवून रात्रभर जागे राहायचे, कारण झोप लागली आणि गठ्ठा गेला तर पाचशे मुलांचं वर्ष गेलं. विद्यापीठ म्हटलं की आपल्यापुढे कुलगुरू, दीक्षान्त समारंभ, झगे येतात. माझ्यापुढे सांगोल्याच्या स्टँडवर मध्यरात्री गठ्ठा सांभाळत चहा पिणारे काका येतात.

केगाव

१ ऑगस्ट २००४ ला सोलापूर विद्यापीठ सुरू झालं. मुख्यमंत्री कोण होते? सुशीलकुमार शिंदे. कोर्टातून उठून दयानंदला जाणारा मुलगा. पहिले कुलगुरू डॉ. इरेश स्वामी. केगावला शिवाजी विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं, त्याचंच विद्यापीठ झालं. कार्यक्षेत्र फक्त एक जिल्हा. तेव्हा पुष्कळ जणांनी नाकं मुरडली होती म्हणे. एका जिल्ह्याचं कसलं विद्यापीठ, पुण्या-मुंबईत कोण विचारणार, वगैरे.

ही टीका अगदीच खोटी नव्हती. मीही तिचा थोडा प्रसाद घेतलाय. मार्च २०१९ मध्ये विद्यापीठाला अहिल्यादेवींचं नाव मिळालं (सिद्धेश्वरांचं नाव द्यावं अशीही मागणी होती, त्यावरून बरंच वातावरण तापलं होतं). मी तेव्हा शेवटच्या वर्षाला. पहिल्या नोकरीच्या वेळी कागदपत्रं तपासणाऱ्या एका एजन्सीनं विचारलं, "मध्येच विद्यापीठ का बदललं?" मी म्हटलं, मी नाही बदललं, विद्यापीठानंच नाव बदललं. त्यांच्या यादीत नवं नाव यायला तीन आठवडे लागले, तोवर रुजू होण्याची तारीख लटकलेली. पुण्या-मुंबईच्या मुलांना हा प्रश्न पडत नाही.

पण त्याच वर्गात माझ्या शेजारच्या बाकावर एक मुलगी होती. आई विड्या वळायची, वडील यंत्रमागावर. घरात तेलुगू, शाळा मराठी, इंजिनिअरिंग इंग्रजीतून. ती रोज पूर्वभागातून सायकलवर यायची आणि संध्याकाळी घरी जाऊन आईला मदत करायची. कोल्हापूरला किंवा पुण्याला तिला कुणी पाठवलं असतं? तिनंच एकदा सांगितलं होतं, "घरून येता येतंय म्हणून शिकतेय." आजोबांचं दुकानाचं वाक्य आणि हे वाक्य, मध्ये साठ-बासष्ट वर्षं आहेत. दोन्ही वाक्यं एकच आहेत.

आता अंतर कुठे गेलं?

इथे गोष्ट गोड शेवटावर थांबवता आली असती. पण थांबत नाही.

कारण कॉलेजं वाढत होती त्याच काळात गिरण्या बंद पडत होत्या. जुनी गिरणी १९४९ मध्येच एकदा बंद पडली होती. सरकारनं ती चालवायला घेतली तर एक भागधारक, चिरंजीतलाल चौधरी, थेट सुप्रीम कोर्टात गेला. १९५० चा तो निकाल आजही देशभरातल्या लॉ कॉलेजांत समानतेच्या हक्काच्या धड्यात शिकवला जातो. म्हणजे सोलापूरची गिरणी अभ्यासक्रमात अजून चालू आहे, गावात नाही. पुढे एकेक करून मोठ्या गिरण्या गेल्या. यंत्रमाग, टॉवेल, चादरी, विड्या हे राहिलं, पण पदवीधराला पगार देईल असं फार थोडं उरलं.

दोन आलेख एकमेकांना छेदून गेले. १९३० साली गावात काम होतं आणि शिक्षण नव्हतं. आज शिक्षण आहे आणि शिकलेल्याला काम नाही. कोटणीस शिकायला गेले, आम्ही शिकून जातो. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बघा. १९३१ च्या चौघांच्या स्मरणार्थ नाव दिलेली गाडी आणि तिच्यात लॅपटॉपच्या बॅगा घेऊन बसलेला अर्धा वर्ग. ती विडीवाल्या घरातली मुलगी आता हैदराबादला आहे. चांगल्या पगारावर. आई-वडील इथे.

म्हणून मग विद्यापीठ फुकट गेलं का? मला तसं वाटत नाही. आम्ही गेलेले लोक आमच्याबद्दलच फार बोलतो. जिल्ह्यातल्या शाळांत शिकवणारे, कोर्टात उभे राहणारे, सिव्हिल हॉस्पिटलात रात्रपाळी करणारे बरेचसे इथलेच पदवीधर आहेत. त्यांच्या पदवीवरचं नाव कुणी कंपनी तपासत नाही, कारण त्यांना सगळं गाव ओळखतं. आणि आम्ही जे गेलो, ते निदान पदवी हातात घेऊन गेलो. १९३० मध्ये आमच्यासारख्या घरातला मुलगा गाव सोडायचा तो मुंबईच्या गिरणीत बदली कामगार व्हायला.

पण 'मुलं घडवून पाठवणारं गाव' याचं कौतुक करत बसायचं असेल तर मला ते मान्य नाही. मॅट्रिकवर थांबणारं गाव दयानंद कॉलेजपर्यंत आलं, मग स्वतःच्या विद्यापीठापर्यंत यायला त्याला आणखी ६४ वर्षं लागली. या ६४ वर्षांत कुणी जमीन दिली, कुणी देणगी दिली, कुणी लाहोरहून येऊन इथे शिकवलं, कुणी मांडीवर गठ्ठा घेऊन रात्री काढल्या. आपोआप काही झालं नाही. पुढचं अंतर पदवी आणि पगार यांच्यातलं आहे, आणि ते कमी करायचं काम एकट्या विद्यापीठाचं नाही. घरून काम करता येतं हे २०२० नंतर आपण सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हा वर्ष-दीड वर्ष मी सोलापुरातूनच कोड लिहीत होतो, आणि सर्व्हरला काही फरक पडत नव्हता. अशी दहा-वीस माणसं कायमची परत आली, इथे एखादी छोटी टीम उभी राहिली, तर पुढच्या पोरीला तेच वाक्य थोडं बदलून म्हणता येईल: घरून येता येतंय म्हणून काम करतेय.